वाड्याचा साग की पलंगाची शिसव? जुन्या लाकडाचं पहिलं पेन

घर पाडलं की तुळईचा एखादा तुकडा आपण हमखास उचलून ठेवतो. लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) हाताशी आला की पहिला विचार त्याचाच येतो: आजोबांच्या वाड्याचा साग आपल्या खिशात! ओढ खरी आहे, पण पहिलं पेन त्या तुकड्याचं करू नका.

कारण मापात आहे. नेहमीच्या सडपातळ पेनाच्या किटमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या तयार संचात, ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या येतात, एक पेनाच्या वरच्या भागाची, एक खालच्या. साधारण १९ मिमीच्या चौकोनी ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, नळी चिकटवायची आणि बाहेरून कातत कातत टोकाशी साडेआठ मिमीच्या आसपास यायचं. नळीवर लाकूड उरतं जेमतेम पाऊण मिलिमीटर. एवढ्याशा सालीवर सागाची ती डोंगरांसारखी चढत जाणारी नक्षी मावतच नाही. दिसतात त्या सरळ रेघा. ठोकळा रेषांना तिरपा कापला तर नक्षी थोडी खुलते, पण मग कातताना टोकाचे टवके उडतात. नवख्या हाताला ते सावरत नाही.

सागाचे आणखी दोन हट्ट आहेत. त्यात सिलिकाचे कण असतात, त्यामुळे हत्याराची धार भराभर जाते. आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. भोक आतून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच नळी बसवावी लागते. खिळ्यांचं तर विचारूच नका. करवतीआधी लोहचुंबक फिरवा.

या कामाला त्यापेक्षा शिसव बरी. मोडक्या पलंगाचा पाय किंवा खुर्चीचा हात पुरतो, एका पायात कितीतरी पेनं निघतात. लाकूड घट्ट आणि जड असल्याने पातळ सालही टिकते, आणि पॉलिश पेपर बारीक करत नेला की जांभळट तपकिरी रंग असा उजळतो की वर लेप चढवावासा वाटत नाही. दोष दोन. भोक पाडताना ते तापून तडकतं, म्हणून ड्रिल सावकाश चालवून सारखं बाहेर काढायचं. आणि तिची भुकटी काहींच्या कातडीला, श्वासाला बाधते, मास्क हवाच. परदेशात विकायचा विचार असेल तर २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, तेव्हा नियम आधी पाहा.

कोकणातल्या घराचा फणस मिळाला तर तो या दोघांच्या मधला. कातायला सोपा, हत्याराला त्रास नाही. ताजा कापला की पिवळाधमक दिसतो, पण तो रंग राहत नाही. उजेडात हळूहळू मधासारखा, मग तपकिरी होतो. भेट देताना हे आधीच सांगा, नाहीतर पेन मळलं म्हणून लोक पुसत बसतात.

मालाच्या पेट्यांचं पाइन फुकट मिळतं, सरावाला ठीक. त्यावर शिक्का पाहा: एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, घरात आणू नका. पाइनमध्ये मऊ आणि कडक रेषा आलटून पालटून असल्याने पॉलिश पेपर मऊ भाग जास्त खातो आणि बोटाला लाटा लागतात.

जुना रंग लावलेलं लाकूड मात्र कुठलंही असो, सोडून द्या. त्यात शिसं असू शकतं.

म्हणून माझा क्रम असा: दोन पेनं पाइनची, तीन-चार शिसवीची, मग साग. आणि साग कापताना खिळ्याच्या भोकाजवळचा भाग टाकून देऊ नका. गंजामुळे तिथे काळा डाग उतरलेला असतो, आणि पेनावर जुना साग नव्यापासून वेगळा ओळखू येतो तो तेवढ्यानेच. ठोकळा असा कापा की डाग खालच्या नळीच्या मधोमध येईल. तिथे थोडं पोट ठेवून कातलं की लाकूड जाड राहतं.