‘ऑटो स्केलिंग लायसन्स’च्या नावाखाली माझ्याकडून १४ महिने पैसे घेतले

सावद्याहून मी केळीच्या भावाची एक छोटी वेबसाईट चालवतो. रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव, हवामान आणि रोपं-ठिबकवाल्यांच्या जाहिराती, एवढाच पसारा. दिवसभर साईटवर फारसं कोणी नसतं. संध्याकाळी भाव टाकला की तासाभरात हजारो शेतकरी एकदम येतात. ज्याची बाग कापणीवर आली आहे तो तेच पान दहा वेळा उघडतो, कारण क्विंटलमागे शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तरी त्याच्या अख्ख्या गाडीचा हिशेब बदलतो.

नेमकी त्याच तासात साईट बसायची. नात्यातल्या एका लग्नात जळगावचा एक जण भेटला, वेबसाईटची कामं करतो म्हणाला. “भाऊ, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर टाकू. ऑटो स्केलिंग लावून देतो. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतील, ओसरली की कमी होतील.” यात खोटं काही नव्हतं, तंत्र खरोखर तसंच आहे. समोर लोड बॅलन्सर असतो, तो येणारी गर्दी सर्व्हरांत वाटतो. सर्व्हरवरचा सरासरी भार ठरवलेल्या टक्क्यापुढे गेला की तयार साच्यातून नवा सर्व्हर उभा राहतो, भार उतरला की बंद होतो.

दरमहा साडेनऊ हजार ठरले. त्यातले ३,५०० रुपये ‘ऑटो स्केलिंग लायसन्स’चे. शिवाय गर्दीच्या दिवसांचे ‘वाढीव सर्व्हर’ वेगळे. त्याच्या बिलात लिहून यायचं, अमुक तारखेला ४ सर्व्हर, तमुक तारखेला ३. मी भरत राहिलो. साईट अधूनमधून अडकायची, त्यावर तो म्हणायचा, “तुमच्याकडचं नेट स्लो आहे.” मला ते पटायचं.

मे महिन्यात वादळ झालं. बागा आडव्या झाल्या, आणि पडलेला माल किती भावाने जाईल हे बघायला त्या संध्याकाळी सगळे एकदम साईटवर आले. यावलकडच्या एका काकांचा फोन आला, “भाऊ, तुमचं नुसतं गोल गोल फिरू राह्यलं. व्यापारी दारात उभा आहे.” माझा फोन तोवर सतत एंगेज लागत होता. ते माझ्यापर्यंत पोचले तेव्हा अर्धा माल व्यापाऱ्याने तोंडी सांगितलेल्या भावाने देऊन झाला होता. फसलो मी, पण नुकसान त्यांचंही झालं, आणि ते मला आजही बोचतं.

माझा भाचा पुण्यात याच कामात आहे. तो म्हणाला, “मामा, त्याला मीटवर घ्या, स्क्रीन दाखवायला सांगा. बाकी मी विचारतो.” त्या माणसाने ऑटो स्केलिंगचा गट उघडून दाखवला. गट खरा होता. पण त्यात तीन आकडे असतात: कमीत कमी सर्व्हर, जास्तीत जास्त सर्व्हर, आणि आत्ता हवे तेवढे. तिन्ही ठिकाणी १ होता. अशा गटात सर्व्हर बिघडला तर त्याच्या जागी नवा येतो, पण दुसरा कधीच येत नाही. भाच्याने ‘अ‍ॅक्टिव्हिटी’चं पान उघडायला लावलं. सर्व्हर वाढल्या-घटल्याची तिथे एकही नोंद नव्हती. मग मे महिन्याचं अ‍ॅमेझॉनचं मूळ बिल उघडलं. ७४४ तास. ३१ दिवस गुणिले २४, म्हणजे महिनाभर एकच सर्व्हर. एप्रिलचे ७२०. मला पाठवलेल्या मेच्या बिलात मात्र पाच दिवस ४ सर्व्हर लावले होते.

लायसन्सचं ऐकून तर भाचा हबकलाच. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ऑटो स्केलिंगला वेगळी फी नाही. जे सर्व्हर चालतात त्यांचे आणि देखरेखीचे पैसे लागतात, बस. लिनक्स सर्व्हर सेकंदावर मोजला जातो, कमीत कमी ६० सेकंद. तासाभराच्या गर्दीसाठी आलेला सर्व्हर दिवसभराच्या दराने लावलेला दिसला, तर तिथेच शंका घ्यायला हवी होती. मला हे माहीत नव्हतं. १४ महिन्यांचे लायसन्सचेच ४९,००० गेले.

त्या कॉलनंतर त्याने फोन उचलला नाही. खातं त्याच्या ईमेलवर, डोमेन म्हणजे साईटचा पत्ताही त्याच्या नावावर. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पुढे काही झालेलं नाही. साईट नव्या पत्त्यावर परत उभी केली, या वेळी खातं माझ्या ईमेलवर आणि माझ्या कार्डावर. भाच्यालासुद्धा वेगळा युजर काढून दिला आहे. नवा सर्व्हर तयार व्हायला दोन-चार मिनिटं जातात आणि आमची गर्दी तर ठरलेल्या वेळेची, म्हणून पावणेसहालाच कमीत कमी आकडा ३ होतो आणि नऊला परत १. जास्तीत जास्त ६ वर बांधला आहे, नाहीतर बिल हाताबाहेर जायचं. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की मला ईमेल येतो.

ज्यांच्या बिलात ‘ऑटो स्केलिंग लायसन्स’ अशी ओळ आहे, त्यांनी आजच स्क्रीन दाखवायला सांगा आणि कॉल रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे तेवढाच पुरावा आहे. अ‍ॅक्टिव्हिटीच्या नोंदी सहा आठवड्यांपर्यंतच्याच दिसतात, म्हणून थांबू नका. जुनी मूळ बिलं मात्र मागून घ्या आणि तास स्वतः मोजा.