सोनेरी घडीचं स्टूल की संखेडा? ताई, वाच आणि ठरव

ताई, दांडिया बाजारातलं ते सोनेरी स्टूल आणि संखेड्याचं (बडोद्याजवळच्या संखेडा गावचं लाख चढवलेलं लाकडी काम), दोन्ही काल बघून आलो.

आधी सोनेरी. दुकानवाले काका पहिल्याच वाक्यात म्हणाले, राजवाड्यातलं आहे, दीडशे वर्षं जुनं. आता बडोद्यात प्रत्येक जुनी खुर्ची राजवाड्यातलीच असते, लक्ष्मी विलास राजवाडा पुरा झाला १८९० ला, तेव्हापासून एवढं सामान खरंच बाहेर आलं असतं तर तिथे सतरंज्याच उरल्या असत्या. कागद एकही नाही. कात्रीसारखे पाय, वर मखमल, ही घडण मात्र फार जुनी, रोममधले मोठे अधिकारी अशाच घडीच्या आसनावर बसायचे, आणि फ्रान्सच्या दरबारात राणीसमोर स्टुलावर बसायला मिळणं हाच डचेस बायकांचा मान, बाकीच्यांनी उभं राहायचं.

मी भिंग घेऊन गेलेलो (काकांना ते आवडलं नाही). एका पायाच्या कोपऱ्यावर सोनं झिजलंय तिथे खाली विटकरी लाल माती आणि तिच्याखाली खडूचा पांढरा थर दिसतो, म्हणजे तिथे वर्ख लावायची जुनी पद्धत आहे. पण मधली आडवी दांडी बघ, खाचांमधे हिरवट-काळपट झालीय, ती पितळेच्या पुडीची रंगोटी, कुणीतरी नंतर ब्रशने मारलेली, सोनं असं हिरवं पडत नाही. घडी होते, कुरकुरते, आणि पाय एकमेकांवर घासतात तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय, जुनेपणाची मला पटलेली खूण तेवढीच. एक स्क्रू फुलीच्या खाचेचा आहे, तो अलीकडचाच.

आणि याला ओलं फडकं चालत नाही हं. खडूच्या थरात सरस असतो, पाणी लागलं की वर्ख सुटतो. तुझ्याकडच्या मावशी टीव्हीसुद्धा ओल्या फडक्याने पुसतात.

संखेड्याचं सागवानी, लेथवर कातलेलं, मरून आणि सोनेरी. यात सोनं नाही, कथलाचं काम, ते अकीकाच्या दगडाने घोटून वर लाख चढवली की सोनेरी झाक येते. गंमत म्हणजे युरोपातले वर्खवालेही अकीकानेच घोटतात. घडी होत नाही, पण मी बसलो, बाबा बसले, हललं नाही. गरम पातेलं तेवढं ठेवू नकोस, लाख उष्णतेने मऊ पडते.

किंमत ६५,००० आणि ३,५०० आहे. शिवाय भावोजी दुबईला न्यायचं म्हणतायत ना? १९७२ चा कायदा आहे, १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू आपल्यासारख्यांना देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे काकांचं खरं असेल तर ते दुबईला जाणार नाही, आणि खोटं असेल तर ६५ हजार कशाचे?

मला विचारशील तर संखेडा घे. सोनेरी इथे आईकडेच ठेवायचं असेल आणि काका ३० च्या खाली आले तर बोलू, त्या दांडीची रंगोटी काढून परत वर्ख करणारा माणूस शोधायचा म्हणजे वेगळा खर्च. मखमलीखालचे पट्टे बघायचे राहिले, उद्या खंडेराव मार्केटला भाजीला जातोच आहे, येताना उलटं करून फोटो पाठवतो, तोवर काकांना हो म्हणू नकोस.