मदतपुस्तिकेची भाषा: 'करा', 'करावे' की 'केले जाते'?

सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका लिहायला घेतली की आधी क्रियापदाचं रूप ठरवा. पुढची सगळी वाक्यं त्याच वळणावर जातात.

पायऱ्या सांगायच्या असतील तर 'करा' घ्या. 'सेटिंग्ज उघडा. भाषा निवडा.' यात कोणी काय करायचं याबद्दल शंकाच उरत नाही. 'करावे' सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, पण त्याहून मोठी अडचण अर्थाची आहे. 'अपडेटपूर्वी बॅकअप घ्यावा' ही सक्ती की सल्ला? इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ या दस्तऐवजात सक्ती, शिफारस आणि ऐच्छिक यांचे शब्दच वेगळे ठरवून दिले, ते याच गोंधळामुळे. सक्ती असेल तर परिणामासकट लिहा: 'बॅकअप घ्या. नाहीतर जुना डेटा परत मिळणार नाही.'

'केले जाते' सगळ्यात जास्त घोळ घालतं. 'फाइल निवडल्यावर ती अपलोड केली जाते' असं वाचून माणूस वाट पाहत बसतो आणि 'अपलोड'चं बटण तसंच राहतं. काम प्रोग्रॅम करत असेल तर 'प्रोग्रॅम फाइल आपोआप अपलोड करतो' आणि वापरणाऱ्याने करायचं असेल तर 'अपलोड दाबा' असं लिहा. कर्ता कोण याने फरक पडत नसेल तिथेच कर्मणी चालतं: 'पासवर्ड एन्क्रिप्ट करून साठवले जातात.'

रूप कुठलंही असो, अट आधी आणि कृती नंतर. "'हटवा' दाबा, बॅकअप घेतला असेल तर" हे वाक्य संपायच्या आत बटण दाबलेलं असतं.

वाचकाला 'तुम्ही' म्हणा. 'आपण' नम्र आहे खरं, पण 'आपण खाते उघडू' म्हणजे लेखकही सोबत आहे की काय, हे कळत नाही.

मैत्रीपूर्ण सूर की कोरडा? नवशिक्यांच्या पहिल्या धड्यात थोडी आपुलकी शोभते. एररच्या पानावर ती नको. 'अगदी सोपं आहे', 'फक्त एक क्लिक' हे अडकलेल्या माणसाला टोचतं. तिथे काय झालं, का झालं आणि आता काय करायचं, एवढंच सांगा. संदर्भविभागात तर साधा वर्तमानकाळ पुरतो: 'ही कमांड फाइलींची यादी दाखवते.'

लिहिणारे एकाहून जास्त असतील तर 'खाते' की 'खातं' हेही आधीच ठरवून टाका. साध्या शोधात एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही.