पेंटियम थ्रीवर विंडोज एक्सपी: एका डीटीपीवालीचा तीन आठवड्यांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देण्याचं, जॉबवर्क २००० सालापासून सुरू आहे. तेव्हाचं पहिलं मशीन अजून टेबलाखाली आहे: पेंटियम थ्री, ७३३ मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज ९८. रोजचं काम केव्हाच नव्या मशीनवर गेलं, पण २००९ पर्यंतच्या सगळ्या लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि मंडळांची पावतीपुस्तकं त्या जुन्या डिस्कवरच राहिली.

मागच्या महिन्यात उथळसरच्या एक काकू आल्या. लेकीच्या लग्नाची मी केलेली पत्रिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. "ताई, आता नातवाची मुंज आहे. गणपती हाच हवा, दुसरा नको." तो गणपती मी कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक रेघ ओढून काढलेला. फाइल मशीनवर सापडली, पण ती बाहेर कशी काढायची? विंडोज ९८ पेन ड्राइव्ह आपणहून ओळखत नाही, त्यासाठी ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखून देणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळा शोधावा लागतो. सीडी रायटर तर कधीचा बंद आहे. ९८ नंतरचं विंडोज एक्सपी मात्र पेन ड्राइव्ह आपणहून ओळखतं, म्हणून तेच चढवायचं ठरवलं.

रॅम आधी वाढवा. कागदोपत्री किमान ६४ एमबी पुरते आणि १२८ ची शिफारस आहे, पण सर्व्हिस पॅक तीन (एक्सपीचं शेवटचं मोठं अपडेट) घातल्यावर १२८ मध्ये पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि कोरल एकदम उघडले की डिस्कची घरघर थांबत नाही. मी २५६ एमबीची जुनी एसडी रॅम आणखी लावली, मग ठीक चाललं. ९८ वरूनच अपग्रेड केल्यामुळे पेजमेकर ६.५, कोरल ९ आणि सगळे फॉन्ट जागेवर राहिले. फॉन्टच्या बाबतीत तर सुखच आहे. ९८ मध्ये हजाराच्या आसपास फॉन्ट झाले की पुढचे दिसेनासे व्हायचे, एक्सपीत ती अडचण नाही.

पहिला दणका मराठीच्या सॉफ्टवेअरने दिला. ते प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या लॉकवर चालतं (परवान्याचा छोटा तुकडा, तो लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही), आणि एक्सपीत ते उघडताच 'लॉक सापडला नाही' असा निरोप. ९८ मध्ये प्रोग्रॅम थेट पोर्टपर्यंत पोचायचा. एक्सपी एनटीच्या, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या, जास्त कडक घराण्यातलं, ते मधे ड्रायव्हर असल्याशिवाय पोर्टला हात लावू देत नाही. नशिबाने जुन्या सीडीत एनटीचा ड्रायव्हर होता. पोर्टवर चालणाऱ्या माझ्या स्कॅनरसाठी मात्र एक्सपीचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. तो आता माळ्यावर गेला.

आता मराठीचं. एक्सपीत युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) देवनागरी आहे, पण ती आपणहून चालू होत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस, आणि मग एक चौकट: कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांच्या फाइली. कंसात नाव थाईचं. मराठी, हिंदी, देवनागरी यातला एकही शब्द तिथे नाही. मी ते पान दोनदा उघडून बंद केलं, कारण ही चौकट आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही. इतक्या कोटी लोकांच्या लिपीचं नाव त्या ओळीत असायला हवं होतं, हे मी मनापासून म्हणते. त्या चौकटीत खूण केली की ते सीडी मागतं, म्हणून सीडी हाताशी ठेवा. नंतर मशीन रीस्टार्ट करा आणि मराठीचा कीबोर्ड जोडा.

कीबोर्ड जोडला आणि दुसऱ्याच दिवशी पेजमेकरमध्ये 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप केलं, तर पानावर प्रश्नचिन्हांची रांग. फॉन्ट बदलला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, तरी तेच. अर्ध्या तासाने खाली घड्याळाजवळ नजर गेली. तिथे 'ईएन' च्या जागी 'एमआर' दिसत होतं. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकदम दाबलं गेलं होतं. आपले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवून केलेले, आणि पेजमेकर ६.५ ला युनिकोड माहीत नाही, त्यामुळे खरी देवनागरी आली की तो प्रश्नचिन्ह टाकतो. त्यातून एक्सपी प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवतं, म्हणजे नोटपॅडमध्ये ईएन दिसलं म्हणून पेजमेकरमध्येही तेच असेल असं नाही. की सेटिंग्जमध्ये जाऊन ते ऑल्ट-शिफ्ट काढून टाका आणि भाषा माउसनेच बदला.

युनिकोडसाठी सोबत येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा. पडद्यावर बारीक अक्षरही स्वच्छ वाचता येतं, पत्रं लिहायला मी तोच वापरते. पण त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असं राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातच आहे. आणि पत्रिकेत 'शुभविवाह', 'मंगलाष्टके' असे शब्द पानोपानी येतात, ते परक्या वळणाचे डोळ्यांना खुपतात. पत्रिकेला मंगल नको. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, ते एक्सपीच्या फॉन्टांत नाही, तिथे चौकोन उमटतो. मी 'रु.' लिहिते.

पेन ड्राइव्ह लावताच ओळखला गेला, ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं. पण बोर्ड यूएसबी १.१ चा, त्यामुळे दर वेळी 'याहून वेगवान पोर्टला लावा' असा फुगा वर येतो आणि चार जीबी उतरवायला तासाहून जास्त लागतो. एक मात्र नीट लक्षात ठेवा. ६४ जीबीचे पेन ड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फाइली साठवायची एक नवी पद्धत) येतात, आणि एक्सपीला ते वाचता येत नाहीत. वेगळं अपडेट नसेल तर ते 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारतं. पुतण्याच्या कॉलेजच्या फाइली होत्या तशा एका ड्राइव्हमध्ये, माझं बोट 'येस'वर जाता जाता थांबलं. ३२ जीबीपर्यंतचा, एफएटी३२ मधला (ती जुनी पद्धत, ९८ लाही चालणारी) ड्राइव्हच घ्या.

डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या काळातला) बिलाचा प्रोग्रॅम चालतो, डॉट मॅट्रिक्सवर छापतोही, पण तो नुसता उघडा असला तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि पंखा वाजत राहतो. निळा टास्कबार मी क्लासिक केला. शोधायला गेलं की येणारा कुत्राही बंद केला. डीफ्रॅगमधले (डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली जुळवायच्या प्रोग्रॅममधले) छोटे चौकोन एकेक करून भरताना मी रात्री बघत बसायचे, आता तिथे रंगीत पट्टे आहेत. त्याची मला खरंच रुखरुख लागली.

इंटरनेट या मशीनला जोडू नका. सुरक्षेची नियमित अपडेट्स ८ एप्रिल २०१४ लाच थांबली आहेत.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. मराठीची ती चौकट शोधावी लागली नसती तर चार दिले असते. इन्स्टॉल करताना डिस्क एनटीएफएस (९८ ला न वाचता येणारी पद्धत) करू नका, एफएटी३२ ठेवली तर परत ९८ वर जायचा पर्याय उरतो. मी तो अजून काढलेला नाही.

गणपतीची फाइल नव्या मशीनवर उघडली. सोंडेजवळची एक रेघ तेव्हा थोडी जाड राहिली होती, ती बारीक करून ट्रेसिंग काढलं आणि काकूंना फोन केला.