वॅगन-आरला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट: तीन वर्षांच्या हिशेबासकट

आमची वॅगन-आर 2015 ची, पेट्रोलवरची. मे 2022 मध्ये पुण्यात नऱ्हे रोडवरच्या एका गॅरेजमध्ये तिला सीएनजी किट बसवून घेतलं. आता तीन वर्षं उलटली, सिलिंडरची पहिली हायड्रो टेस्टही झाली, म्हणून लिहायला बसले. किट बसवल्यावर महिन्याभरात लिहिलं असतं तर फार वेगळं लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

गाडी कशासाठी लागते ते आधी सांगते, कारण सगळा हिशेब त्याच्यावर आहे. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. धायरीहून हॉस्पिटल तेरा किलोमीटर. सकाळी सातला त्यांना सोडायचं, घरी येऊन डबे आणि आवराआवर, साडेअकराला पुन्हा आणायला जायचं. म्हणजे त्या दिवशीचे बावन्न किलोमीटर. महिन्यातून दोनदा भोरजवळ गावी. उरलेलं माझं ऑफिस, भाजी, बँक. महिन्याला सरासरी अकराशे किलोमीटर होतात आणि त्यातलं कमी करावं असं फारसं काही सापडत नाही. रिक्षाचाही हिशेब मांडला. सप्टेंबर 2022 मध्ये ठरलेल्या मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17, म्हणजे एका बाजूचे सव्वादोनशेच्या आसपास. पण पैसे बाजूला ठेवले तरी डायलिसिस झाल्यावर आईंचं बीपी उतरलेलं असतं, मान टेकवायला लागते. सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून त्यांना रिक्षात बसवून आणायचं म्हटलं की माझाच जीव वरखाली होतो.

मी खर्चाची वही ठेवते. लग्नाआधीपासूनची सवय. एप्रिल 2022 च्या पानावर पेट्रोलच्या रकान्यात आठ हजार दोनशे आहेत. पुण्यात तेव्हा लिटर 120 च्या घरात गेलं होतं. त्याच सुमारास गोडेतेलाचे भाव चढलेले, आणि मे महिन्यात घरातला सिलिंडर हजाराच्या वर गेला. यांचा पगार तोच, माझा पगार तोच. वहीत कुठे कात्री लावायची म्हटलं तर औषधांना लावता येत नाही, फीला लावता येत नाही, सोसायटीच्या मेंटेनन्सला लावता येत नाही. हलण्यासारखा रकाना एकच होता, पेट्रोलचा.

त्यातच 1 एप्रिलपासून राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि पुण्यात किलोचा दर 62 रुपये 20 पैसे झाला. मी लगेच वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. पेट्रोलवर गाडी शहरात लिटरला सोळा देते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. गॅसवर किलोला तेवीस धरले तर दोन रुपये सत्तर पैसे. अकराशे किलोमीटरला महिन्याची बचत सव्वापाच हजार. किट, फिटिंग, आरटीओची नोंद सगळं धरून खर्च अठ्ठावन्न हजार. अकरा महिन्यांत वसूल! यांना दाखवलं, यांनी पान दोनदा तपासलं आणि आम्ही पतसंस्थेतली मुदत ठेव मोडली.

चूक आकडेमोडीत नव्हती. 62 रुपयांचा दर टिकणार हे गृहीत धरलं, तिथे फसले. ज्या 1 एप्रिलला व्हॅट उतरला, त्याच दिवसापासून केंद्राने, सीएनजी ज्यापासून होतो त्या देशी नैसर्गिक वायूचा दर 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलर केला होता. दुपटीहून जास्त. ही बातमी मी तेव्हा वाचली नव्हती. गाडी गॅरेजमधून आली तोवर सीएनजी ऐंशीला टेकला होता आणि ऑगस्टमध्ये 91 झाला. उलट पेट्रोल उतरलं. मे महिन्यात केंद्राने आठ रुपये आणि जुलैमध्ये राज्याने पाच रुपये कर कमी केला आणि ते 106 वर आलं. किलोमीटरमागची बचत चार रुपये ऐंशी पैशांवरून दोन रुपये सदुसष्ट पैशांवर घसरली. त्या ऑगस्टमध्ये मी वही उघडली की पोटात गोळा यायचा. मुदत ठेव मोडायला मीच सांगितलं होतं.

पैसे शेवटी वसूल झाले एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे तेवीस महिन्यांनी. यात दर महिन्याचं चारशे रुपयांचं पेट्रोलही धरलंय, कारण सिक्वेन्शियल किटमध्ये गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. दोनदा बदललेले प्लग आणि फिल्टरही धरलेत. विकणारा हे दोन आकडे सांगत नाही. तुम्ही स्वतः धरा.

तेव्हापासून मात्र महिन्याला पावणेतीन हजारांच्या आसपास खरोखर हातात उरतात. हे पैसे कुठे जातात तेही सांगते. दुपारी आईंजवळ बसायला मावशी येतात, त्यांच्या पगारातला मोठा वाटा यातून जातो. आधी मी अर्धा दिवस रजा टाकायचे, वर्षाच्या शेवटी बिनपगारी व्हायची. आता टाकावी लागत नाही.

आता गाडीबद्दल. पिकअप कमी होतो, हे खरं आहे. सपाटीवर कळतही नाही. पण गावी जाताना कात्रजच्या नव्या बोगद्याकडचा चढ लागतो, तिथे चार माणसं आणि एसी असेल तर तिसऱ्यात जी गाडी सहज चढायची ती आता दुसरा मागते. मी चढाच्या आधी स्विच दाबून पेट्रोलवर घेते आणि खेड शिवापूरच्या टोलच्या अलीकडे परत गॅसवर. दोन सेकंदांचं काम आहे. ॲव्हरेज शहरात एसीसकट किलोला बावीस-तेवीस, हायवेला सव्वीसपर्यंत गेलंय. सिलिंडर साठ लिटरचा, पण साठ लिटर म्हणजे साठ किलो नव्हे. पंपावर गॅसचं प्रेशर दोनशे बारचं मिळालं तर आठ-साडेआठ किलो बसतो, एरवी सात. एका भरण्यात दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर.

सातव्या महिन्यात एकदा मोठा घोर लागला. डिसेंबरची सकाळ, आई मागे शाल पांघरून, आणि राजाराम पुलाच्या सिग्नलला गाडी झटके द्यायला लागली. गॅसवर आली की आचके, पेट्रोलवर घेतली की सरळ. गॅरेजवाल्या दादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडून गॅसचा फिल्टर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पांढरा असायला हवा तो कागद काळपट आणि तेलकट झाला होता. मग एक प्लग काढून दाखवला, त्याच्या टोकाची फट नखाने कळेल इतकी वाढलेली. म्हणाले, "ताई, गॅसला ठिणगी जोरदार लागते. पेट्रोलवर हा प्लग अजून वर्ष चालला असता. सीएनजीवर नाही चालायचा." तीन प्लग आणि फिल्टर मिळून तेवीसशे रुपये. तेव्हापासून दर दहा हजार किलोमीटरला फिल्टर न चुकता बदलते आणि पुन्हा तसा त्रास झालेला नाही. फिटिंग करणारा माणूस जवळचा आणि फोन उचलणारा हवा, ही गोष्ट मी किटच्या कंपनीपेक्षा वर ठेवेन. तेच किट वाईट बसवलं तर वाईटच चालतं. या दादांनी तीन वर्षांत ट्यूनिंगचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत.

याआधी दुसरीकडेही भाव काढला होता. तिथे बारा हजारांनी स्वस्त मिळत होतं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नोंद करायची नाही, "कोण बघतंय" अशा बोलीवर. मी उठून आले. आरसीवर पेट्रोल आणि सीएनजी अशी नोंद नसेल आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल, आणि त्या गाडीत मागे आमची आई बसलेली असते. तरीही एक गोष्ट आमच्याकडूनही राहिली होती. आरसीवर नोंद झाली, पण इन्शुरन्सला कळवायचं एजंटने उद्यावर टाकलं आणि पाच महिने तसेच गेले. नूतनीकरणाच्या वेळी मीच कागद वाचताना पकडलं. किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये, एवढाच काय तो जादा हप्ता. त्या पाच महिन्यांत काही झालं असतं तर, याचा विचार आजही नको वाटतो. किट बसवाल त्याच आठवड्यात पॉलिसीवर नोंद करून घ्या आणि कागद हातात आल्याशिवाय गप्प बसू नका.

आता या किटचा मला सगळ्यात जास्त जाचलेला भाग. डिकी.

साठ लिटरचा लोखंडी सिलिंडर आडवा बसला की वॅगन-आरच्या डिकीत दोन पिशव्या आणि एक छत्री, एवढीच जागा उरते. हे आम्हाला माहीत होतं, टेपने मोजलंही होतं. पण 2022 मध्ये आई काठी घेऊन चालायच्या. 2023 च्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि व्हीलचेअर आली. घडीची खुर्ची, पण घडी केली तरी डिकीत जात नाही. चाकं काढून, उभी करून, तिरपी करून, सगळं करून पाहिलं. शेवटी आता ती मागच्या सीटच्या पुढ्यात, आईंच्या पायांशेजारी उभी ठेवतो आणि जुनी चादर गुंडाळतो, वळणावर त्यांच्या गुडघ्याला लागू नये म्हणून. आई कधी तक्रार करत नाहीत. एक हात खुर्चीच्या दांडीवर ठेवून बसतात, सिग्नलला ब्रेक लागला की दांडी घट्ट धरतात. आरशात ते दिसतं आणि दर वेळी मला वाटतं की या मोकळ्या डिकीची किंमत मी त्या पानावर कुठे धरलीच नव्हती. घरात वयस्कर माणूस असेल तर आज काय लागतं त्यावर जाऊ नका, दोन वर्षांनी काय लागेल ते मोजा. आता नव्या काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवतात. नवीच गाडी घेणार असाल तर तसली आधी पाहा.

रांगेचं म्हणाल तर सुरुवातीला फार त्रास झाला. संध्याकाळी सहा ते नऊ आमच्या भागातल्या पंपावर रिक्षा, कॅब आणि आमच्यासारखे, सगळे एकत्र. एकदा पन्नास मिनिटं उभी होते. वर गॅस भरताना गाडीतून सगळ्यांनी उतरून लांब उभं राहायचं असतं. तो नियम योग्यच आहे, पण आई गाडीत असताना भरणं यामुळे जवळपास अशक्य. डायलिसिसहून परतताना गॅस भरून घेऊ असं मी एकदाच केलं. खुर्ची काढली, त्यांना बसवलं, उन्हात उभं केलं, भरून झाल्यावर परत सगळं उलट. रांगेतल्या एका रिक्षावाल्या काकांनी न सांगता खुर्ची उचलून आत ठेवली, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत आई बोलल्या नाहीत. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी रात्री साडेदहानंतर हे एकटे जाऊन भरून आणतात. तेव्हा पाच-सात मिनिटांत नंबर लागतो आणि प्रेशरही बरं मिळतं. ज्यांना रात्री जायला जमणार नाही त्यांनी रांगेतला वेळ हा खर्चच धरावा.

हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. आमची मे 2025 मध्ये झाली. सिलिंडर काढून पाठवतात, पाण्याच्या दाबाखाली तपासतात आणि तारीख ठोकलेली पाटी लावून देतात. पाटीवरची तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारतात, आणि नाकारायलाच हवा. आमचे अडीच हजार रुपये आणि तीन दिवस गेले. ते तीन दिवस गाडी पेट्रोलवर चालवली. मी मुद्दाम शनिवारी दिली, म्हणजे मधे एकच मंगळवार आला.

कोणी विचारलं तर मी घ्या म्हणते, पण आधी तुमचे किलोमीटर विचारते. शेजारच्या वहिनींची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटर चालते. त्यांना मी स्पष्ट नको म्हटलं, कारण आजच्या दराने त्यांचे पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षं लागतील आणि तोवर दोनदा हायड्रो टेस्ट येईल. महिन्याला आठशेच्या वर असेल, गाडीचं इंजिन धड असेल आणि ती अजून पाच वर्षं तरी ठेवायची असेल, तर किट परवडतं. हिशेब मात्र आजच्या दराने एकदा आणि सीएनजी पंधरा रुपयांनी महाग, पेट्रोल दहा रुपयांनी स्वस्त धरून एकदा, असा दोनदा मांडा. दुसऱ्या हिशेबातही पटलं तरच ठेव मोडा.

आणि पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा. गॅस आहे म्हणून काटा तळाला ठेवला तर पंप कोरडा चालून जळतो असं दादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गाडी रोज सुरू व्हायला पेट्रोल लागतंच, आणि मंगळवारी सकाळी पावणेसातला ती सुरू व्हावीच लागते.