बुटीबोरीजवळच्या मिशन बंगल्यातील मुक्काम

नागपूरहून वर्धा मार्गाने निघाल्यावर तासाभरात बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. तिच्यापासून थोडे आडबाजूला, कापसाच्या आणि तुरीच्या वावरांमध्ये, एका ग्रामीण चर्च-मिशनचा जुना बंगला आहे आणि त्यातील दोन खोल्या बाहेरच्या पाहुण्यांना भाड्याने मिळतात. मिशनने या सोयीची जाहिरात केलेली नाही, आणि बंगला सांभाळणाऱ्या वृद्ध दांपत्याने गावाचे नाव कोठे छापू नये अशी विनंती केल्यामुळे मीही ते देत नाही. नागपुरातील चर्चमंडळींत चौकशी केली तर पत्ता सहज मिळतो. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, याचे कारण असे की अलीकडे काही मंडळी ही जागा शनिवार-रविवारचे फार्महाऊस समजून तेथे जातात, संगीत लावतात, रात्री बारा वाजता चहा मागतात आणि नाराज होऊन परततात. त्यांची नाराजी खरी असते, पण अपेक्षा चुकीची असते. भाडे खोलीचे घेतले जाते. प्रत्यक्षात मात्र पाहुणा सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांच्या दिनक्रमात राहायला जातो, आणि तो दिनक्रम ज्याला मानवेल त्यालाच ही जागा मानवेल.

आधी खोल्यांविषयी. भिंती दीड हात जाडीच्या, छत उंच, वर सागवानी वासे आणि कवेलू. या बांधणीमुळे मार्चअखेरपर्यंत आत पंख्यावर भागते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र नागपूरकरांना सांगायला नको अशी परिस्थिती असते आणि खिडकीला लावलेल्या कूलरशिवाय दुपार निघत नाही. वानरांच्या टोळ्या छपरावर उड्या मारून कवेलू फोडतात, त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात आणि तरीही आषाढातल्या जोरदार पावसात पूर्वेकडच्या खोलीच्या एका कोपऱ्यात पाणी ठिबकते. तेथे बादली ठेवलेली असते. पाहुण्यापासून ती लपवण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही, हे मला आवडले. पलंग लाकडी, गाद्या कापसाच्या आणि चांगल्या पिंजलेल्या, चादरी जुन्या परंतु निळीत बुडवून कडक वाळवलेल्या. न्हाणीघर खोलीला लागून नसून व्हरांड्याच्या टोकाला आहे, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना तेथील दोन उंच पायऱ्या रात्री नक्कीच जड जातील. गरम पाणी पितळी बंबातून मिळते व ते सकाळी साडेसातपर्यंतच मिळते. मोबाइलला रेंज व्हरांड्यात येते, खोलीत येत नाही.

या परिसराला मिशनच्या इतिहासात एक दुःखद स्थान आहे आणि जेवणानंतर विचारले तर काकाजी ते सांगतात. (बंगल्यातील दांपत्याला सारे गाव काकाजी आणि काकू म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो.) स्कॉटलंडहून 1845 साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे शाळा चालवणारे, भाषा शिकणारे आणि त्याचबरोबर दगड व जीवाश्म यांचा नाद असलेले गृहस्थ होते. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून 4 सप्टेंबर 1863 रोजी ते संध्याकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामी परतत असताना पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 साली सुरू झाले आणि नागपुरात ते नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. पण ज्यांच्यामुळे ते नाव पडले ते गृहस्थ येथून हाकेच्या अंतरावर वारले, हे महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. काकाजींच्या सांगण्यात मात्र भाविकपणापेक्षा व्यवहार अधिक असतो. गोष्ट संपवून ते लगेच बजावतात, ‘‘पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असलं तर गाडी घालू नका जी, इकडच्या तीरावरच थांबा.’’

काकाजी अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते व काकू सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. दोघांचे निवृत्तिवेतन सुरू आहे, मुले बाहेरगावी आहेत, आणि मिशनने देऊ केलेले किरकोळ मानधन स्वीकारून ते नागपुरातील घर बंद करून येथे राहायला आले. काकाजींचा दिवस पहाटे पंप सुरू करण्यापासून सुरू होतो, कारण शेतीच्या जोडणीवर वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि टाकी भरली नाही तर सारे कंपाउंड अडते. त्यानंतर चर्च झाडणे, घंटा वाजवणे, फुलझाडांना पाणी, मिशनच्या वसतिगृहातील मुलांच्या सायकलींचे पंक्चर, कोणाचा गळका नळ. त्यांच्या खोलीत भिंतीला हत्यारांची फळी आहे व प्रत्येक पान्याची आकृती फळीवर रंगाने काढलेली आहे, त्यामुळे जागेवर काय नाही ते दारातूनच कळते. माझ्या खोलीतील कूलरचा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून जाळीत अडकलेले वाळ्याचे तंतू चिमट्याने एकेक करून उपटले, टाकीतील पाणी झाडांना ओतले, तळ घासून कोरडा केला आणि मगच ताजे पाणी भरले. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला टाकी कोरडी करायची असते हे वर्तमानपत्रांत छापून येते. ते करताना मी प्रथमच कोणाला पाहिले. शहरातील चांगल्या हॉटेलांमध्येही ही काळजी घेतली जात असेल असे मला वाटत नाही.

तरीही या जागेचा खरा कणा काकूंची सकाळची दोन तासांची बैठक हा आहे. व्हरांड्यात एक लाकडी मेज, त्यावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या, ड्रेसिंगचा डबा, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि लांब पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. हा दवाखाना नाही, आणि काकू स्वतः ते दर दोन माणसांमागे एकदा सांगतात. इंजेक्शन त्या देत नाहीत, प्रतिजैविके देत नाहीत. जखम धुतात, पट्टी बांधतात, आकडे वहीत लिहितात, आणि आकडा वाढलेला दिसला की प्राथमिक आरोग्य केंद्रात पिटाळतात. साप चावलेला माणूस मांत्रिकाकडे न नेता सरकारी दवाखान्यात न्यायचा, कारण प्रतिसर्पविष तेथेच असते, हे त्या इतक्या वेळा बोलल्या आहेत की वसतिगृहातील मुले ते पाढ्यासारखे म्हणून दाखवतात.

मी तेथे असताना कपाशीवर फवारणी करून आलेला एक तरुण सालदार आला. डोळे लाल, डोके गरगरते, अंगात ओला सदरा. काकूंनी त्याला बसवलेही नाही. प्रथम सदरा काढायला लावला, हातात रबरी मोजे घालून नळाखाली साबणाने त्याचे हात, मान आणि पाठ स्वच्छ धुतली, काकाजींचा जुना सदरा त्याच्या अंगात घातला, आणि बरोबर आलेल्या गड्याला विचारले, ‘‘डबा कुठाय? औषधाचा डबा आणा आधी. डॉक्टरले तो दाखवाच लागते.’’ डबा पिशवीत बांधून दोघांची मोटारसायकलवरून रुग्णालयात रवानगी झाली, तोवर त्यांनी तेथे फोन करून ठेवला होता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून त्या प्रत्येक खरिपात गावातील मजुरांना बोलावून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, फवारताना तंबाखू मळू नका, घरी गेल्यावर मूल उचलण्याआधी अंघोळ करा, एवढ्या तीन गोष्टी सांगतात. तो तरुण संध्याकाळी परत आला तो सदरा परत करायला. काकूंनी तो ठेवून घे म्हणून सांगितले आणि काकाजींनी मान डोलावली, पण त्यांचे तोंड किंचित पडलेले मी पाहिले. सदरा चांगला होता.

जेवणाविषयी तक्रारीला जागा नाही, एवढे सांगून पुढे जाता आले असते. पण गोळाभाताबद्दल लिहिणे भाग आहे. भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भाताबरोबर वाफवलेले, वरून हिंग-मोहरी आणि लाल मिरचीचे कडकडीत तेल, सोबत चिंचेचे सार. नागपुरात हा पदार्थ अनेक ठिकाणी मिळतो आणि बहुतेक ठिकाणी गोळा आत कच्चा तरी राहतो किंवा दगडासारखा तरी होतो. काकूंचा गोळा बोटाने फुटतो व डाळीचा दाणा दाताखाली वेगळा लागतो. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकरी, पावसाळ्यात अंबाडीची भाजी. रविवारी मटण असते, परंतु सावजीच्या जहाल रश्श्याची ज्यांना सवय आहे त्यांना ते सौम्य वाटेल. जेवण सर्वांचे एका वेळी, वसतिगृहातील मुलांच्या पंगतीत, आणि ताट ज्याचे त्याने घासायचे. हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. एका सद्गृहस्थांनी त्यावर ‘आम्ही पैसे मोजतो’ असे म्हटल्याचे ऐकले. त्यांचे ताट काकाजींनी घासले, काही न बोलता, आणि पुढच्या वेळी त्यांना खोली मिळाली नाही.

धर्माचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मी ख्रिस्ती नाही आणि माझ्याशी धर्मांतराबद्दल कोणी अवाक्षर बोलले नाही. मेजाच्या खणात बायबल आहे, भिंतीवर एक साधा क्रूस आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला पाहुण्यांनी यावे असा आग्रह नसतो. तेवढा वेळ व्हरांड्यात शांत बसावे, इतकेच अपेक्षित असते. पेटी आणि ढोलकीवर म्हटली जाणारी मराठी भजने मात्र ऐकण्यासारखी आहेत, कारण त्यांच्या चाली अभंगाच्या आहेत आणि वारकरी घरात वाढलेल्या माणसालाही त्या परक्या वाटत नाहीत. मंडळी थोडी आहे, पाच-सात घरांची. रविवारच्या उपासनेला पाळक दुसऱ्या गावाहून येतात, आणि त्यांची गाडी बिघडली तर उपासना काकाजीच चालवतात. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच स्थापन झाली, त्या दिवशी आपण वडिलांबरोबर तेथे होतो, ही त्यांच्या अभिमानाची एक गोष्ट. गावात बहुसंख्य लोक हिंदू आणि बौद्ध आहेत. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांसाठी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास फाटकाशी पाण्याचे रांजण भरलेले असतात, आणि तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून बंगल्यावर आली की काकू त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देतात.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांतील मोठी उणीव खोल्यांची नाही. दोन पाहुण्यांच्या खोल्या, वसतिगृहातील मुलांचे दोन वेळचे जेवण, चर्च, पंप, सकाळची बैठक हे सारे काम ज्या दोघांवर आहे त्यांच्या मदतीला एक अर्धवेळ स्वयंपाकीण आहे, आणि तीही कापूस वेचणीच्या दिवसांत येत नाही, कारण वेचणीत तिला अधिक पैसे मिळतात. त्या काळात काकू पहाटे उठून एकट्याने भाकरी थापतात. दोघांपैकी एक आजारी पडले तर काय, या प्रश्नाला मिशनच्या कार्यालयाकडे उत्तर असावे असे मला दिसले नाही. मी विचारले तेव्हा ‘ते दोघे आनंदाने करतात’ असे सांगण्यात आले. आनंदाने करतात हे खरे आहे. पण काकूंच्या वहीत एका पानावर त्यांचा स्वतःचा रक्तदाब लिहिलेला होता आणि तो आकडा पाहून त्यांनी दुसऱ्या कोणालाही तडक आरोग्य केंद्रात पाठवले असते. सेवाभाव ही दोघांची स्वतःची गोष्ट आहे. त्या भरवशावर माणूस न नेमणे ही काटकसर आहे, आणि तिला दुसरे सोज्ज्वळ नाव देऊ नये.

खोलीचे भाडे एका रात्रीला 600 रुपये आणि जेवण 100 रुपये, हे दर आजच्या काळात अवास्तव कमी आहेत. ते दुप्पट केले तरी योग्य पाहुणे येणे थांबणार नाही आणि वाढीव रकमेतून पूर्णवेळ मदतनीस ठेवता येईल, असे मी लेखी कळवले आहे. तोपर्यंत जाणाऱ्यांनी काही गोष्टी स्वतःच पाळाव्यात. वेचणीच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, चारपेक्षा अधिक माणसांनी एकत्र जाऊ नये. नाताळच्या आठवड्यात खोली मागू नये. तेव्हा त्या खोल्यांत दूरच्या खेड्यांतील मंडळी उतरतात. मच्छरदाणी व विजेरी आपली न्यावी. फोन दुपारी एक ते तीन या वेळेत करू नये, कारण दिवसभरात ते दोघे पाठ टेकतात ती तेवढीच वेळ. काही न्यायचेच असेल तर मिठाईऐवजी साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी न्यावी, पण यंत्र कोणत्या कंपनीचे आहे ते आधी काकूंना विचारून घ्यावे. दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या त्या यंत्रात चालत नाहीत आणि अशा दोन डब्या मेजाखाली पडून आहेत.