सहा जणांची एक यादी आणि डोंबिवली लोकल

गाण्यांचं ॲप घेतलं ते सामायिक यादीसाठी. आम्ही सहा मामे-मावस भावंडं दर रविवारी एक विषय ठरवतो आणि प्रत्येकाने दोनच गाणी टाकायची. मागचा विषय होता ‘एकाच घरातले आवाज’. दादाने अब्दुल करीम खाँसाहेब टाकले, मी हिराबाई बडोदेकर, धाकटीने सुरेशबाबू माने आणि सरस्वतीबाई राणे. खाँसाहेब बाप आणि बाकीची तीन त्यांची मुलं, सगळे शास्त्रीय गायक! डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने ऐकलं. ही गाणी जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) तबकड्यांवरची; तिची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणजे घाटकोपर यायच्या आत बरंच होतं. तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे खायचं काम नाही.

यादी करणं सोपं, कोणी काय टाकलं तेही दिसतं. पण एक गाणं दुसऱ्यात मिसळायची सोय आधी बंद करा, नाहीतर शेवटची तान कापली जाते. माझी गेली. जुन्या गाण्यांखाली साथीदारांची नावं शोधूनही सापडत नाहीत, तबलजी कोण हे विचारायला शेवटी मामालाच फोन. आणि आपोआप सुचवलेली गाणी? हिराबाईंनंतर थेट जिमची. पैसे भरते ते फक्त यादीसाठी. पाचातले साडेतीन तारे.